समुद्र पाहायचा पण गर्दी नको? ताई, खाडीकाठचं एखादं गाव धरा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. घर घाटंजीकडचं, तूर निघाली की चार-पाच दिवस मोकळे, सोबत सासू-सासरे आणि दोन लेकरं, सासूबाईंचे गुडघे दुखतात, घरात अजून कोणीच समुद्र पाहिला नाही. गोवा-गणपतीपुळ्याची गर्दी नको, नदी आणि समुद्र दोन्ही असलेलं निवांत ठिकाण सांगा, असं तुमचं म्हणणं. मी दिग्रसला असतो, गाडीचा धंदा आहे, आणि आपल्याकडच्या शेतकरी घरांना कोकणात नेऊन आणायचं काम बरीच वर्षं करतोय. तर जरा लांबच लिहितो, कारण एवढ्या दूर जाऊन लोक जे हाल करून घेतात ते पाहून खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात आधी हे, की पॉइंट मोजणारी टूर करू नका. एक दिवस गणपतीपुळे, एक दिवस मालवण, एक दिवस गोवा, जमलं तर येताना महाबळेश्वर, असा कागद कोणी हातात दिला तर घडी करून ठेवून द्या. रोज सकाळी सामान बांधायचं, रोज नवीन खोली, लेकरं गाडीत उलट्या करतात, म्हाताऱ्या माणसांचे पाय सुजतात, आणि समुद्र पाहायला मिळतो तो पाऊण तास, तोही पार्किंग शोधण्यात गेलेला वेळ वजा करून. मुक्काम एकच करा. आणि तोही समुद्राच्या तोंडावर नाही, खाडीच्या काठावर.

काहून म्हणाल, तर सांगतो. आपली अरुणावती पैनगंगेतून, वर्धेतून, प्राणहितेतून, गोदावरीतून जात जात पार तिकडं बंगालच्या उपसागराला पोचते, अर्धा देश ओलांडून. कोकणातल्या नद्यांचं तसं नाही. सह्याद्रीत उगम आणि पन्नास-शंभर किलोमीटरच्या आत समुद्र. त्यामुळे शेवटच्या काही किलोमीटरमध्ये नदीत समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा आत शिरतं आणि दोनदा परत जातं. तिथं लाटा नाहीत, आवाज नाही, काठावर माड, कडेला कांदळवन, मधून एखादी होडी. समुद्र असतो चालत जाण्याच्या अंतरावर, पाहिजे तेव्हा जा, नको तेव्हा खाडीकडं तोंड करून बसा. ज्यांना पोहता येत नाही, वाळूत चालवत नाही, त्यांच्यासाठी खाडीच खरी. गर्दीही खाडीवर कमी, कारण गर्दीला लाटा आणि बोटीच्या राइडा पाहिजे असतात.

आता कोणती खाडी. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणच्या दक्षिणेला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथंच तारकर्ली-देवबाग. जागा अप्रतिम आहे, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी. पण ती आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाली. स्कुबा, पॅरासेलिंग, बनाना राइड, शनिवार-रविवारी रस्त्यावर गाड्यांची रांग. तुम्हाला जे पाहिजे ते तिथं आता मंगळवार-बुधवारीच थोडंफार मिळतं.

माझं मत विचाराल तर मालवणच्या उत्तरेला चला. कणकवलीवरून येणारी गड नदी मसुऱ्याच्या बाजूने वळत खाली येते, तिथं तिला कालावलची खाडी म्हणतात, आणि तोंडवळी-तळाशीलजवळ ती समुद्राला मिळते. इथंही देवबागसारखीच वाळूची लांब पट्टी आहे, पूर्वेला खाडी, पश्चिमेला समुद्र, मधोमध गाव आणि माडाच्या बागा, एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर माणूस काही मिनिटांत चालत जातो. सकाळी ऊन खाडीवर उगवतं, संध्याकाळी समुद्रात बुडतं, दोन्ही एकाच अंगणातून. सासूबाईंना खुर्ची टाकून दिली की त्यांना कुठं न्यावंच लागत नाही. तोंडवळी, तळाशील, थोडं आत मसुरे, उत्तरेला आचरा, यांतलं कुठलंही एक गाव धरा. हॉटेलं थोडी, घरगुती राहणंच जास्त, रात्री साडेनऊला सामसूम. कोणाला हे कंटाळवाणं वाटेल, पण तुम्ही जे मागितलं ते हेच आहे.

कासवाची पिल्लं पाहायची हौस असेल तर रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला भारजा नदीच्या तोंडावरचं केळशी किंवा त्याच भागातलं आंजर्ले, वेळास ही गावं आहेत, साधारण फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी फुटतात. पण त्या दिवसांत तिथं पुण्या-मुंबईची माणसं येतात, आणि रेल्वे स्टेशनपासून घाटाचे रस्ते लांब पडतात. म्हातारी माणसं सोबत असताना मी तिकडं नेत नाही.

आता मुख्य गोष्ट, भरती-ओहोटी. आपल्याकडून जाणाऱ्या माणसाला हे कोणी सांगत नाही आणि निम्मी सहल त्याच्यावर अवलंबून असते. भरती दिवसातून दोनदा येते, दोन भरत्यांत साधारण साडेबारा तासांचं अंतर, म्हणजे रोज ती पाऊण-एक तास उशिरा सरकते. कोकणातल्या जुन्या लोकांचा हिशोब सोपा आहे, आजची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, तेवढे वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास खाडी काठोकाठ, आणि दुपारी बाराच्या आसपास पाणी सगळ्यात खाली. दशमीला साडेसात. पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं, नेमकी वेळ नावाड्याला विचारायची, पण दिवस आखायला एवढं पुरतं. कॅलेंडर तर आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर असतंच, तिथी पाहायची सवय तुमच्या सासऱ्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असेल. त्यांच्याकडंच हे काम द्या. मी नेलेल्या घरांतले म्हातारे बुवा दुसऱ्या दिवसापासून स्वतःच सांगायला लागतात की आता पाणी फिरेल, आणि लेकरं धावत काठावर जाऊन पाहतात तर खरंच होडी उलट्या दिशेला तोंड करून उभी असते.

तिथीचा दुसरा उपयोग असा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ओढही तेवढीच जोराची. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढ-उतार कमी, ओढ कमी. लेकरं आणि म्हातारी माणसं असली की मी शुक्ल षष्ठी ते दशमी या दिवसांत नेतो. त्या दिवसांत दुपारनंतर खाडी भरत येते, चार-पाच वाजता ऊन कलल्यावर भरतीच्या पाण्यासोबत होडी आत मसुऱ्याच्या दिशेनं जाते, पाणी वळलं की त्याच्याच सोबत परत येते, इंजिनाची घरघर कमी आणि नावाड्यालाही बरं पडतं. रात्री जेवण होईपर्यंत डोक्यावर चंद्र असतो. पौर्णिमेला गेलात तर गणित उलटं, संध्याकाळी पाचच्या सुमारास ओहोटी, समुद्राकडं वाळू लांबच लांब उघडी आणि टणक, लेकरांना पळायला मजा, पण खाडीत होडी सकाळीच काढावी लागते. दोन्हीत काही वाईट नाही, फक्त माहीत असलं पाहिजे, नाहीतर लोक संध्याकाळी सहाला होडी मागतात आणि खाडीत चिखल पाहून म्हणतात इथं काही नाहीच.

ओहोटीला खाडीत काय चालतं तेही पाहण्यासारखं आहे बरं का. पाणी उतरलं की गावातल्या बाया टोपल्या घेऊन उतरतात, गुडघाभर पाण्यात वाकून हाताने चाचपत तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे छोटे शिंपले काढतात. बोटांनाच कळतं, दगड कोणता आणि शिंपला कोणता. बाजूच्या खडकांना कालवं, म्हणजे धारदार कवचाचे शिंपले, चिकटलेली, ती कोयतीच्या टोकाने फोडायची. तुमच्या लेकरांना त्या बाया नक्की बोलावतील, जाऊ द्या, पण पायात चप्पल-सँडल पाहिजेच. कालवांची धार ब्लेडसारखी असते, तळवा कापला तर उरलेले दिवस खाटेवर.

समुद्राकडच्या बाजूला सकाळी लवकर गेलात आणि नशिबात असेल तर रापण लागलेली दिसेल. होडीतून लांबलचक जाळं अर्धगोल टाकत जातात आणि मग दोन्ही टोकांना माणसं लागून ते किनाऱ्यावर ओढतात, तासभर तरी चालतं. कंबरेला दोर गुंडाळून, पाय वाळूत रोवून एक एक पाऊल मागं. जाळं जवळ आलं की पाण्यावर चांदीसारखी फडफड सुरू होते, वर पक्षी घिरट्या घालतात, आणि मग सगळं एकदम किनाऱ्यावर, तारली, बांगडे, कोळंबी, एखादा खेकडा, कधी नुसता कचरा. दोराला हात लावायला कोणी नाही म्हणत नाही, आणि हात लावला तर वाटणीच्या वेळी चार मासे तुमच्या पिशवीतही टाकतात. मोठ्या यांत्रिक बोटींमुळे रापणीला पूर्वीसारखी मासळी राहिली नाही, रापणकरांची ही तक्रार तुम्हाला तिथं ऐकायला मिळेल. ऐका ती. पिकाचं दुःख आपल्याला माहीत आहे, त्यांचं पीक पाण्यात आहे एवढाच फरक.

कधी जायचं ते तुम्ही तूर निघाल्यावर म्हणताच, मला ते एकदम पटतं. जानेवारी अखेर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले, हवा गार, समुद्र शांत. फेब्रुवारीच्या शेवटी गेलात तर ओले काजूगर सुरू झालेले असतात, त्याची उसळ एकदा तरी खा. डिसेंबरचा शेवटचा आठवडा अजिबात नको. शिमग्यातही नको, त्या दिवसांत मुंबईचे चाकरमानी गावी येतात, गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. आणि एक खास सांगतो. मसुऱ्याजवळ आंगणेवाडीला भराडी देवीची जत्रा भरते, बहुतेक फेब्रुवारीच्या आसपास, लाखो लोक येतात. ती तिथीवर ठरलेली नसते, देवीचा कौल घेऊन तारीख ठरवतात आणि मग जाहीर करतात. तेव्हा तिकीट काढायच्या आधी त्या वर्षीची तारीख विचारून घ्या. जत्रा पाहायची असेल तर खुशाल जा, पण मग निवांतपणाची अपेक्षा सोडा, कारण ती वाट नेमकी तुमच्या मुक्कामावरूनच जाते. लेकरांची शाळा बुडेल ही काळजी असेल तर एप्रिलचा शेवट धरा, आंबा असतो, पण घाम फार. आपल्याकडं पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो तसा तिथं जात नाही, तेहतीस-चौतीसच असतो, तरी हवेत ओल एवढी की घाम वाळतच नाही. आपला कूलर तिथं काहीच कामाचा नाही, दमट हवेत पाणी उडतच नाही मग गारवा कुठून येणार. म्हणून उन्हाळ्यात खोली घेताना एसी नाहीतर निदान चांगला पंखा आणि समोरासमोर खिडक्या विचारा.

जायचं कसं. आपली शकुंतला रेल्वे तर कधीची बंद, त्यामुळे तुम्हाला धामणगाव नाहीतर वर्धा गाठावं लागणार. नागपूर-मडगाव ही गाडी आठवड्यातून दोनदा धावत आली आहे, दुपारी नागपूरहून निघते, वर्धा, धामणगाव, बडनेरा करत दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कणकवलीला सोडते, कुठं बदलायची गरज नाही. पण ती स्पेशल म्हणून चालते आणि मुदत वाढवत नेतात, तेव्हा तारीख पक्की करण्याआधी स्टेशनवर विचारून घ्या. ती जमली नाही तर मला महाराष्ट्र एक्सप्रेस आवडते, गोंदिया-कोल्हापूर. हळू आहे, सगळीकडं थांबते, पण कोल्हापूरला उतरून एक रात्र राहा, सासू-सासऱ्यांना अंबाबाईचं दर्शन घडवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने किंवा गाडी ठरवून राधानगरी-फोंडा घाटाने खाली कणकवलीला. तीन-चार तासांचा रस्ता, जंगल सुंदर. घाटात लेकरांना पुढं बसवा आणि पोट भरून नाश्ता देऊ नका. मुंबईवरून कोकणकन्या किंवा तुतारी पकडायचा सल्ला पुष्कळ जण देतात, मी देणार नाही, दादर-ठाण्याला सामान आणि म्हातारी माणसं घेऊन गाडी बदलणं म्हणजे शिक्षा.

स्वतःची गाडी असेल तर यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर हा हायवे आता चांगला झालाय, तुळजापूरला किंवा पंढरपूरला मुक्काम करून पुढं कोल्हापूर. एका दमात चालवू नका, ड्रायव्हरला झोप लागते आणि मग सगळंच संपतं. समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनपासून मुंबईपर्यंत पूर्ण खुला झालाय हे खरं, पण सिंधुदुर्गासाठी तो वळसा आहे.

राहायचं घर ठरवताना फोनवर काय विचारायचं ते लिहितो, कारण फोटोत सगळंच छान दिसतं. खोली तळमजल्यावर आहे का. संडास कमोडचा आहे का, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं, बाकी सगळं मागाहून. अंगणातून खाडी दिसते की चालत जावं लागतं, आणि वाट वाळूची आहे की पायऱ्यांची. होडीत चढायला जेट्टी आहे की गुडघाभर पाण्यातून चढायचं, जेट्टी नसेल तर सासूबाईंसाठी प्लास्टिकची खुर्ची पाण्यात ठेवून चढवतात, पण आधी सांगून ठेवावं लागतं. शाकाहारी स्वयंपाकाची भांडी वेगळी ठेवाल का, घरात कोणी माळकरी असेल तर हे बिनसंकोच विचारा, तिकडचे लोक मान ठेवतात. सरकारच्या निवास-न्याहरी योजनेत नोंदणी असलेली घरं आहेत, ती मिळाली तर उत्तम. सोमवार ते गुरुवार राहिलात तर भावही बरा लागतो आणि घरधन्यालाही तुमच्याशी बोलायला सवड असते.

आणि हो, वाळूच्या पट्टीवरच्या विहिरीचं पाणी गोड असतं पण ते पावसाचं जमिनीत मुरलेलं पाणी, खाली खारं आणि वर गोड असं तरंगत असतं. जास्त उपसलं की खारं वर येतं. आपण टँकरचे दिवस काढलेली माणसं, जास्त सांगायला नको, बादलीने आंघोळ करा. तळाशीलचा किनारा तसाही पावसाळ्यात समुद्र खात असतो, लोकांना बंधाऱ्यासाठी झगडावं लागतं. चिप्सची पाकिटं आणि बाटल्या तिथं टाकून येऊ नका, कणकवलीपर्यंत पिशवीत आणा.

जेवणाचं. मासे खात असाल तर घरमालकाला एवढंच म्हणा, आज खाडीत किंवा किनाऱ्यावर जे आलं तेच करा. पापलेट-सुरमई तर आता आपल्याकडं मोठ्या गावांतही बर्फातली मिळते, पण ताजा बांगडा तव्यावरचा, तिसऱ्यांचं सुकं, कुर्ल्यांचा म्हणजे खेकड्यांचा रस्सा, खाडीतली तांबोशी, हे तिथंच. आपल्या सावजीसारखी तर्री तिथं नसते, सगळं नारळाच्या वाटणात, पहिल्या दिवशी लेकरांना जड जाऊ शकतं, तेव्हा रात्री हलकं आणि जेवणानंतर सोलकढी. शाकाहारी माणसाचेही हाल होत नाहीत, आंबोळी-चटणी, घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, कुळथाची पिठी आणि भात, फणसाचे दिवस असतील तर कोवळ्या फणसाची भाजी. भात मात्र उकडा असतो, जाड आणि चिकट नसलेला, ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी साधा तांदूळ आधी सांगा. भाकरी तांदळाची. सासऱ्यांना ज्वारीशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नसेल तर दोन-तीन किलो ज्वारीचं पीठ सोबत न्या, तिथल्या बाया आनंदाने करून देतात, नाहीतर तुमच्या सासूबाई त्यांच्या चुलीजवळ बसतील आणि दोघींची गट्टी होईल. जवसाची चटणी आणि ठेचाही न्या. मी नेलेल्या एका घरातल्या आजींनी जवसाची चटणी तिथल्या मालकिणीला दिली, तिने बदल्यात बरणीभर आमसुलं दिली, आणि पुढच्या वर्षी तिनेच माझ्याकडं चटणी मागवली.

आता जरा कडक बोलतो. आपली लेकरं विहिरीत, तळ्यात पोहणारी, त्यांना वाटतं आपल्याला पोहता येतं. नदी जिथं समुद्राला मिळते त्या तोंडापाशी कोणीही पाण्यात उतरायचं नाही, मोठ्यांनीही नाही. ओहोटीच्या वेळी सगळ्या खाडीचं पाणी त्या चिंचोळ्या जागेतून बाहेर पळतं, वरून पाणी संथ दिसतं आणि खाली ओढ अशी की चांगला पोहणारा दोन मिनिटांत समुद्रात. वाळूची टोकं रोज आकार बदलतात, काल गुडघाभर होतं तिथं आज पुरुषभर असतं. आंघोळ समुद्राकडं, गावकरी दाखवतील त्याच जागी, पाणी चढत असताना, आणि लेकरांच्या गुडघ्याच्या वर नाही. प्रत्येक किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात हे ध्यानात ठेवा. होडीत लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, सासूबाईंनी साडीवरूनच. नावाड्याकडं जॅकेट पुरेशी नसतील तर बसूच नका, दुसरी होडी मिळते. दारू पिऊन उतरलेली पोरं वाहून गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, त्यांत आपल्या विदर्भातलीही असतात, म्हणून एवढं लिहितो.

पाहायचं म्हणून बाहेर पडायचंच असेल तर दोन अर्धे दिवस पुरे. एक सिंधुदुर्ग किल्ला. महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतला, आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे 12 किल्ले आले त्यात हाही आहे. मालवणच्या जेट्टीवरून होडी, सकाळी पहिल्या फेरीलाच जा, अकरानंतर गर्दी आणि ऊन दोन्ही. पावसाळ्यात होड्या बंद असतात. सासूबाईंना तटावर चढवू नका, आतली वाट सपाट आहे तेवढी पुरे. दुसरा अर्धा दिवस धामापूरचा तलाव. 1530 च्या सुमाराचा, काठाला भगवतीचं देऊळ, चारी बाजूंनी झाडी, 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर वारसा सिंचन स्थळ म्हणून त्याला मान मिळाला. मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, पाहिलेल्या विदर्भातल्या माणसाला तो फार आवडतो, सासरे तर बांध कसा घातला, पाणी कसं सोडतात हेच विचारत बसतील. मसुऱ्याचा भरतगड आणि समोरच्या काठावरचा भगवंतगड होडीतूनच दाखवा. आचऱ्याचं रामेश्वर मंदिर जवळ आहे, संध्याकाळी सहज होतं. त्या दिवसांत जवळपास कुठं जत्रेत दशावतार असेल तर रात्री जरूर बसा, झाडीपट्टीची नाटकं पाहिलेल्या माणसाला तो लगेच आपला वाटतो, पेटी, मृदंग, आणि राजा थेट लोकांमधूनच येतो.

बाकी वेळ काही करू नका. दुपारी झोपा.

औषधं घरूनच पूर्ण न्या, बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्तीच्या. वाडीवर मेडिकल नसतं, मालवण किंवा आचऱ्याला जावं लागतं, आणि मोठं काही असलं तर मालवण-कणकवली. मोबाइलची रेंज खाडीच्या बाजूला मध्येच जाते, घरच्यांना आधी सांगून ठेवा. रोख पैसे कणकवलीलाच काढून घ्या.

तिकिटाचं आता सुरू करा. रेल्वेचं रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही, त्यामुळे तारीख ठरली की त्याच दिवशी सकाळी काढा. फॉर्ममध्ये वयं बरोबर टाका, 60 वर्षांवरचे पुरुष आणि 45 वर्षांवरच्या बायांना खालचा बर्थ देण्याचा कोटा असतो, पण तो बहुतेक वेळा दोघांचंच वेगळं तिकीट काढलं तर लागतो, सहा जणांच्या एका तिकिटात सुटून जातो. म्हणून सासू-सासऱ्यांचं तिकीट वेगळं, तुम्हा चौघांचं वेगळं, डबा तोच मिळाला तर बरं. परतीचंही त्याच बैठकीत पाहून ठेवा, येताना कणकवलीहून जागा मिळणं जास्त अवघड जातं. आणि कॅलेंडर काढून माघ शुक्ल षष्ठी ते दशमी त्या वर्षी कोणत्या वारी येते ते पाहा, मधे शनिवार-रविवार येत असेल तर मला तारखा कळवा, पुढचा-मागचा दिवस धरून कसं बसवायचं ते सांगतो.